गाण्याच्या मधलं बोलणं

...आणि ते ‘बिचारी’ आधी खोड. तुझी मावशीआजी बिचारी मुळीच नव्हती. घाबरट होती, ते लिही. झुरळाला घाबरायची, साहेबाला घाबरायची, दारात पोस्टमन उभा दिसला तरी ही आत पळायची. पण बिचारी? छे.

नवव्या वर्षी ताप आला आणि कान घेऊन गेला. तेव्हापासून ती माणसांच्या तोंडाकडे टकामका बघत राहायची, म्हणून घरात नावच पडलं टकमकी. ओठ हलले की तिला सगळं कळायचं. लग्न काही जमलं नाही, भावाकडे राहायची. वहिनी पाहुण्यांना सांगायची, “असते बाई कोपऱ्यात, खाते, झोपते.” टकमकी ते ओठांवरून वाचायची आणि गुपचूप भांडी घासायला आत जायची.

मग तिला ते काम मिळालं. जुन्या सिनेमांच्या डिस्क काढणारं ऑफिस होतं, लोकांना घरी बसून बघायला. डब्यावर छापायचे, ‘लहानथोरांसोबत पाहा’. म्हणून आतल्या शिव्या काढायच्या. एक माणूस दिवसभर हेडफोन लावून बसायचा, शिवी आली की आवाज गुल. त्याला सगळे कानवाला म्हणायचे. सगळं छान चाललेलं. आणि बहिऱ्या मुलांच्या शाळेतून एका बाईंचं पत्र आलं. तुम्ही आवाज बंद केलात, तोंड कुठे बंद केलंत? आमची पोरं ओठ वाचून शिव्या शिकली आणि आता वर्गात खुणांनी एकमेकांना देतायत! ऑफिसात हसून हसून पुरेवाट. पण दुकानांतून डबे परत यायला लागले तेव्हा हसू आटलं, आणि ओठ वाचणारं माणूस हवं म्हणून टकमकीला बोलावणं आलं.

तिला वेगळी खोली दिली. टीव्ही, रिमोट, खुर्ची, खिडकीला काळा पडदा. पुढ्यात एक तक्ता. किती मिनिटांनी, कोण बोललं, कोणाला बोललं, काय बोललं. तिने खूण केली की तेवढं चित्र पुसट करायचे नाहीतर कापायचे. पहिल्या दिवशी हिने प्रत्येक शिवीचं पहिलं अक्षर लिहून पुढे नुसते ठिपके दिले. साहेब म्हणाले, “बाई, ठिपके कसे कापणार? पूर्ण लिहा.” लाजेने लालेलाल झाली. पण अक्षर मोत्याचं! कानवाला म्हणायचा, “इतक्या सुरेख अक्षरात शिवी मिळाली तर मी फ्रेम करून लावीन.” चार वर्षं ती तिथे गेली. जेवणाचा डबा घेऊन, केस चापून-चोपून. घरी वहिनीसुद्धा जरा नरमली, समोर येऊन ‘जेवलीस का’ विचारायला लागली. जन्मात पहिल्यांदा हिचं बहिरेपण कुणाच्या उपयोगी पडत होतं.

एका सकाळी तिच्या खोलीत एक जुना सिनेमा लागला. त्यातला नायक म्हणजे एकेकाळी सगळ्यांचा लाडका, आणि आता त्याच ऑफिसचा मालक. जिन्यात त्याचा दाराएवढा फोटो होता. सिनेमात ते पायऱ्यांवरचं गाणं आलं. कोणतं ते तुला सांगितलं तर लगेच गुणगुणायला लागशील. तुझ्या आईला मी तेच म्हणून झोपवलंय. गाण्यात कसल्या शिव्या, म्हणून कानवाला तेवढ्यात चहाला उठायचा. टकमकी उठली नाही.

गाण्याच्या मधे नुसती वाद्यं वाजतात ना, तेवढ्यात नायकाने नायिकेला मिठीत घेतलं. त्याची हनुवटी तिच्या खांद्यावर, तोंड आपल्याकडे, हसरं. त्या हसऱ्या तोंडाने तो तिला बोलत होता. आधी एक शिवी, ती मी सांगणार नाही आणि तू लिहिणार नाहीस. मग म्हणाला, “हस. रडलीस तर काल खोलीत झालं ते आज परत होईल.” दोघं गोल फिरले, तिचं तोंड समोर आलं. ती म्हणाली, “मनगट सोडा. मोडतंय. पाया पडते तुमच्या.” आणि पुढची ओळ आली तशी मान वेळावून गायला लागली.

टकमकीने मागे नेऊन पाच वेळा बघितलं. पाचही वेळा तेच. तक्ता समोर, पेन हातात. कोण बोललं, या रकान्यात मालकाचं नाव लिहायचं? पेन ठेवलं, पोटात दुखतंय सांगून तडक माझ्याकडे आली.

“लिहू का, ताई?”

“वेड लागलंय का? ज्याचं मीठ खातेस त्याचंच नाव? परत वहिनीच्या कोपऱ्यात बसायचंय?”

“ती पाया पडत होती.”

“चाळीस वर्षं झाली त्याला. आता लिहून कुणाचं मनगट जुळणार आहे? मी थोरली आहे, माझं ऐक.”

ती उठली. मग चहा न पिता गेली. मी चुकले, तेही लिही.

दुसऱ्या दिवशी तिने चारही रकाने भरले. चार वर्षांत पहिल्यांदा अक्षर बिघडलं. तक्ता साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि पळत खोलीत. दोन दिवस काही नाही. माणूस येतोय ते तिला पावलांवरून कळायचं नाही, दाराच्या फटीखाली सावली दिसली की कळायचं. दोन दिवस ती सिनेमा सोडून त्या फटीकडेच बघत होती. डबा तसाच घरी परत न्यायची.

तिसऱ्या दिवशी सावली थांबली. दार उघडून साहेब म्हणाले, “केबिनमध्ये या.”

आत मालक स्वतः बसलेला. म्हातारा, पण शर्टाला कडक इस्त्री, तेच हसू. अगदी गोड बोलला. “बाई, ते गाणं आहे. गाण्यात संवाद कुठून आणलेत?”

कशीबशी म्हणाली, “मधे, ओठ गात नाहीत तिथे.”

“चाळीस वर्षं लोक बघतायत. कुणाला काही ऐकू आलं नाही.”

“मलाही नाही आलं,” ती म्हणाली.

तेव्हा त्याचं हसू गेलं. त्याने तिच्याकडे बघत बघत हात उचलला, तोंडावर धरला, आणि त्या हाताआडून साहेबांशी बोलायला लागला. साहेब मान डोलावतायत, मधेच हिच्याकडे बघतायत. काय ठरतंय, पोलिसात देतायत की घरी माणसं पाठवतायत, काही कळेना. ती म्हणते, ताई, आयुष्यभर मी बहिरी होते, पण बहिरेपणाची भीती त्या हातामुळे कळली. शेवटी साहेबांनी कागदावर लिहून पुढे सरकवलं, ‘उद्यापासून येऊ नका.’ सुटले, असंच वाटलं तिला आधी! जिना उतरताना त्या फोटोकडे न बघता उतरली.

मी तिला भावाकडे जाऊ दिलं नाही, इकडे घेऊन आले. दोन महिन्यांनी कानवाला आला, डिस्क घेऊन. तिच्यासमोर बसून, तोंड नीट उघडून म्हणाला, “तुमची खूण त्यांनी मानली, बाई.” आम्ही लावून बघितलं. पायऱ्या आल्या, मिठी आली, चित्राने टुणकन उडी मारली आणि ती पुढची ओळ गात होती. तेवढंच कापलेलं.

टकमकी पांढरीफटक पडली. “मीच दाखवलं त्यांना कुठे कापायचं. आता कुणालाच दिसणार नाही.”

“मूळ रीळ असेल ना?” मी विचारलं.

“मालकांनी घरी नेलं,” कानवाला म्हणाला.

तेव्हापासून तिला एकच भीती, आपण विसरलो तर? रोज सकाळी आरशासमोर उभी राहून ते बोलणं ओठांवर आणते, त्याचंही आणि तिचंही. मग तोंड धुते. आता डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, आरसा धुरकट दिसतो म्हणते. म्हणून तुला बसवलंय लिहायला. नावं घालायची नाहीत, तिने बजावलंय. अजून दाराच्या फटीकडे बघते ती.

ती नायिका त्या सिनेमानंतर कुठे दिसली नाही. कुणी म्हणतं परगावी गेली, कुणी म्हणतं शिवणकाम करते. असेल, असेलच. हे वाचणाऱ्या कुणाला त्या बाई भेटल्या तर एवढा निरोप द्या हो. म्हणावं, पायऱ्यांवर तुम्ही जे बोललात ते एकीने वाचलंय, शब्दन् शब्द तिच्याजवळ आहे. भेटावंसं वाटलं तर या. आम्ही दुपारी घरीच असतो. जिना चढवत नसेल तर खालून हाक मारा म्हणावं, ऐकायला मी आहे.