सात खुंट्या, सहा दावी

अंबाडीच्या जुन्या दाव्याला एक वास असतो: वाळलेल्या घामाचा, कडब्याचा, आणि थंडीतल्या सकाळी गाईच्या मानेखाली हात घातल्यावर लागते त्या उबेचा. कंधारजवळच्या आमच्या गावी, आबांच्या म्हणजे माझ्या वडिलांच्या पत्र्याच्या गोठ्यात आता एकही जनावर नाही. पण भिंतीत सात खुंट्या आहेत आणि त्यांतल्या सहांवर सहा दावी लटकतात, आबांनी विकलेल्या प्रत्येक लाल कंधारी गाईचं एकेक. जनावर विकायचं, पण त्याचं दावं द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दावं गेलं तर गोठ्याची बरकत जाते, असं मानतात. बरकत काही टिकली नाही, दावी मात्र राहिली. सातवी खुंटी रिकामी का, हे मी कधी विचारलं नव्हतं. नांदेडच्या एका महाविद्यालयात तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काढलेल्या माणसाला स्वतःच्या घरातलं काही विचारण्याजोगं असेल, असं वाटत नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची श्रावणी गावी आली. नुकत्याच निघालेल्या सोयाबीनच्या भुशाचा कोरडा, घशात बसणारा गंध हवेत होता आणि दुपारचं ऊन हळदीच्या पाण्यासारखं अंगणात सांडलेलं होतं. ती लातूरहून आली होती, म्हणजे ज्या शहरात चौकाचौकांतल्या फलकांवर गुणवंतांचे फोटो देवादिकांच्या उंचीने उभे असतात, तिथून. तिचा फोटो अजून कुठे लागलेला नाही, आणि त्याचं दुःख तिच्यापेक्षा तिच्या वडिलांना अधिक आहे.

मोबाइलवरच्या एका खेळात तिने एक वासरू पाळलं होतं. त्या खेळात सगळे प्राणी अंड्यातून निघतात, वासरूसुद्धा. आबांनी याला हरकत घेतली नाही, पुराणांत याहून कठीण प्रसूती झालेल्या आहेत म्हणाले. वासराचा रंग तांबडा म्हणून नाव तांबू. रोज सकाळी तिला चारायचं, धुवायचं, माळावर फिरवायचं, आणि हे सारं वर्षभर न चुकता केलं की बक्षीस म्हणून घुंगरांची एक माळ मिळते. तीही श्रावणीने मिळवून तांबूच्या गळ्यात घातली होती. या प्राण्यांची मुलं आपसांत अदलाबदल करतात. धर्माबादच्या एका मुलाने माळेसकट तांबूचं चित्र पाहिलं आणि तिच्या बदल्यात निळा, पंखांचा घोडा देऊ केला. श्रावणी दोन दिवस विचार करून तयार झाली. आणि तांबूला त्याच्या हवाली करण्याआधी, आबांच्या गोठ्यात लहानपणापासून पाहिलं होतं म्हणून, तिने वासराच्या गळ्यातली माळ काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी खेळातल्या मुलांच्या गटात तिच्या नावापुढे ‘फसवणूक’ हा शब्द झळकला.

या गटात न्यायनिवाडा करणारी एक विभूती आहे, भावसम्राट या नावाने वावरणारी. दर रविवारी ती प्रत्येक प्राण्याची किंमत जाहीर करते. तिच्या भाषेतल्या गांभीर्यावरून मी तिचं वय साठ धरलं होतं; श्रावणीच्या मते तो नववीत असावा. सम्राटांनी यादी दाखवली: घोडा बेचाळीस, माळ चाळीस, वासरू दोन. माळ आलेली नाही, सबब संध्याकाळपर्यंत माळ पाठवावी, अन्यथा नाव धोकेबाजांत जाईल. धर्माबादच्या मुलाने खाली लिहिलं, “माळ दे अन् वासरू हवं तर परत ने. मी सोडूनच देणार होतो त्याला.”

श्रावणी ते वाक्य कितीतरी वेळ बघत राहिली. धोकेबाज म्हटल्याचं तिला लागलं होतं, पण त्याहून हे लागलं. तोवर ती समजत होती, की कुणाला तरी तांबू आवडली.

हा हिशोब मला ओळखीचा होता. माझ्या तरुणपणी आमच्या घरी पाहुणे येत, पोहे खात, मला नाव-शिक्षण विचारत, आणि मग आवाज बदलून अंगावर किती घालणार ते आबांना विचारत. मुलगी दोन, माळ चाळीस. मी तिसऱ्या पाहुण्यांसमोरून उठून गेले आणि पुढे पुस्तकांत रमले. पुस्तकांनाही मी आयुष्यभर क्रमांक दिले. पण तो क्रमांक पुस्तक कुठे बसतं एवढंच सांगतो, ते किती मोलाचं आहे हे सांगण्याचा आगाऊपणा करत नाही.

म्हणून मला वाटलं, आबा नातीची बाजू घेतील. ती बाजेवर त्यांच्या पायाशी बसली.

“आबा, दावं द्यायचं नसतंय ना?”

“न्हाईच द्यायचं.”

“मग मी फसवलं का?”

आबांनी अडकित्ता खाली ठेवला. “गिऱ्हाइकाला आधी सांगायचं असतंय, बाबा, येताना दावं घेऊन ये. म्हणून तर बाजारात घेणाऱ्याच्या खांद्यावर नवं दावं असतंय. तू सांगितलंस का?”

“न्हाई.”

“मग त्यो तोंडात मारल्यावानी बसला आसंल की. चूक तुझी हाय.”

तिचे डोळे भरले, पण ती उठली नाही. थोड्या वेळाने तिने अंगठ्यांनी लिहिलं आणि पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं: “माळ काढणार हे आधी सांगितलं नाही, ही माझी चूक. घोडा परत पाठवला आहे. तांबू परत दे. माळ मिळणार नाही. तिच्यासमोर दोन लिहिलंय ते खोडू नका, मी ती यादी यापुढे बघणार नाही.” मी शुद्धलेखनापुरतीही सुधारणा सुचवली नाही.

घोडा आधी पाठवला होता, हे वाचून गटात हशा पिकला. लई शहाणी निघाली, घोडा गेला अन् वासरूबी गेलं, असं कुणीसं लिहिलं. तसं होऊ शकत होतं. त्या मुलाने दोन्ही ठेवली असती तरी यादीप्रमाणे तो नफाच ठरला असता. ऊन ओसरीवरून अंगणात, अंगणातून कडुनिंबाच्या शेंड्यावर गेलं. श्रावणी मोबाइल उलटा ठेवून शेंगा फोडत बसली, आणि निघालेल्या दाण्यांतला एकही तिने तोंडात टाकला नाही.

दिवेलागणीला मोबाइल थरथरला. तांबू आली होती, आणि सोबत धर्माबादहून एकच ओळ: “घे तुझं वासरू. लई खातंय.”

म्हणजे त्याने तिला चारलं होतं. श्रावणी हसली, त्या दिवसात पहिल्यांदा, आणि माळ पुन्हा तांबूच्या गळ्यात घातली. भावसम्राटांनी झालेला व्यवहार मोडल्याबद्दल तिचं नाव धोकेबाजांत घातलं ते घातलंच. ते अजून तिथे आहे. काढून टाकण्यासाठी अर्ज करता येतो म्हणे. तिने केलेला नाही, आणि मीही तिला तसं सांगितलेलं नाही.

मग ती गोठ्यात गेली, मी मागून कंदिलासारखा मोबाइलचा उजेड धरला. तिने एकेका दाव्याला हात लावला आणि बाहेर बाजेवर बसलेल्या आबांनी न बघता, पुढची कितवी खुंटी ते मोजत, नावं सांगितली: लक्ष्मी, कपिली, चंद्री. सहा नावं झाली.

“आबा, ह्या सातव्या खुंटीवर कुणाचं होतं?”

 बाहेर सुपारी कातरल्याचा आवाज थांबला.

“ती इकली न्हाई,” आबा म्हणाले. “दावं तिच्या गळ्यातच मातीत गेलं.”