बाबांची साखर कशानं उतरली?

बाबांची साखर त्या दिवशी नक्की कशानं उतरली, हे मला अजूनही कळलेलं नाही.

आई गेल्यावर मी त्यांना पुण्याहून बंगळुरात बेळ्ळंदूरला माझ्याकडे आणलं. मधुमेह जुना, गोळी रोजची. इथे सोसायटीच्या बागेत फिरणाऱ्या मंडळींनी त्यांना इन्सुलिनचं रोप दाखवलं. नाव एवढं भारदस्त, पण दिसायला साधं हिरवं झुडूप. बाबा रोज सकाळी त्याचं एक पान खुडून चावू लागले. मी तडकलेच. म्हटलं, "पाला चावून साखर उतरत असेल तर डॉक्टर कशाला हवेत? बागेतल्या माळ्याकडेच जाऊ या की!" बाबा नुसते हसले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पान चावत वर आले.

आणि असं ऐकवणारी मी, त्याच आठवड्यात त्यांच्या नाश्त्याच्या डोशाच्या पिठात मेथीची पूड कालवू लागले. मेथीनं साखर उतरते असं कुठेतरी वाचलं होतं. एवढं बोलून झाल्यावर आता बाबांना कोणत्या तोंडानं सांगणार? म्हणून गप्प राहिले.

स्वयंपाकाला येणाऱ्या अक्का इथल्याच जुन्या मराठी घरातल्या. मी ऑफिसच्या कॉलवर असताना त्यांचंही काहीतरी चालायचं, त्याचा मला पत्ता नव्हता. मला दिसायचं ते एवढंच की बाबा घरात रुळलेत. ओल्या कचऱ्याची बादली रोज सकाळी खाली नेण्याचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. मी ते मैत्रिणींना कौतुकानं सांगायचे.

एका मंगळवारी अकराच्या सुमारास अक्कांनी मला हाक मारली. बाबा सोफ्यावर घामाघूम होऊन बसले होते, हात थरथरत होते, आणि मला आई समजून काहीतरी विचारत होते. साखर मोजायच्या यंत्रावर आकडा बावन्न. अक्कांनी साखरपाणी केलं, ते मी घोट घोट पाजलं. थोड्या वेळानं त्यांनी मला ओळखलं, तेव्हा मला रडूच कोसळलं.

तिघं तसेच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारलं, "गोळीशिवाय आणखी काय घेतात?"

बाबांनी पानाचं सांगितलं. अक्का चाचरत म्हणाल्या, "मी स्वल्प कारल्याचा रस देत होते. रोज अर्धा पेलाच." मग मलाही मेथी कबूल करावी लागली. अक्का माझ्याकडे आणि मी अक्कांकडे बघत राहिलो.

डॉक्टर वैतागले. "या सगळ्यांत साखर उतरवणारी द्रव्यं असू शकतात. पण गोळीत औषध किती ते मला ठाऊक असतं. पानात किती, रसात किती, कोण सांगणार? सगळं एकदम पोटात गेल्यावर दुसरं काय होणार?"

मला भयंकर लाज वाटली. मी माझ्याच बापाला मारायला निघाले होते.

"पण पोटात गेलं कुठे?" बाबा हळूच म्हणाले. "रस मी मोरीत ओतायचो. डोसे बादलीत."

"म्हणजे उपाशीपोटी गोळी?" डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"सगळंच कडू लागायचं हो. पण या दोघी एवढ्या मायेनं करत होत्या, बोलणार कसं?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पान मात्र रोज खाल्लं. आंबट असतं ते. सकाळपासून तोंडात जाणारं तेवढंच एक कडू नसायचं."

मग साखर उतरली ती पानानं, की रिकाम्या पोटी घेतलेल्या गोळीनं, की दोन्हींनी मिळून? मी तीन वेळा विचारलं. डॉक्टर म्हणाले, खात्रीनं सांगता येत नाही. पान बंद करा, नाश्ता सुरू करा.

दुसऱ्या दिवशी मी साधे डोसे केले आणि समोर बसून राहिले. बाबांनी तीन खाल्ले आणि शेवटच्या तुकड्यानं ताटलीतली चटणी पुसून घेतली.

"आज बादली तू ने," ते म्हणाले.

मी उचलली. हलकी होती.