एक, दोन... आणि मग टर्बो

घाबरल्याचे किस्से कधी एकटे येत नाहीत. शिरूरला स्टँडसमोर आम्ही तीन-चार ड्रायव्हर चहाला जमलो की कोणी घाटात फेल झालेला ब्रेक काढतो, कोणी पुलावरून वाहणारं पाणी काढतो. मग सगळे माझ्याकडे वळतात. "सोपान, लाल गाडीचं सांग की!" ती गाडी मी दोन वर्षं चालवली. त्या दोन वर्षांत जेवढा घाबरलो, तेवढा उरलेल्या सगळ्या आयुष्यात मिळून घाबरलो नसेन. आणि हे सांगायची मला लाज वाटत नाही.

गाडी आमच्या मालकांची, तात्यांची. सणसवाडीची त्यांची जमीन कंपनीत गेली आणि त्यानंतर दारात एक जपानी स्पोर्ट्स कार आली. सेकंडहँड, दोन दारांची, पेट्रोलची, आणि मागे इंग्रजीत लिहिलेलं 'टर्बो'. मी त्याआधी बारा वर्षं तात्यांची डिझेल जीप चालवत होतो. चावी देताना तात्यांनी तीच जुनी ताकीद दिली, "सोपान, लवकर टॉपमधी टाकायची. इंजिन वरडाय लागलं की तेल जळतंय असं समजायचं!"

आमच्याकडे सगळ्या ड्रायव्हरांना पहिला धडा हाच असतो. गिअर वर, पाय हलका, मालक खुश.

पुढच्या सीटचा मान आबांचा. आबा म्हणजे तात्यांचे वडील. उमेदीची सगळी वर्षं मेंढरांमागे रानोमाळ हिंडण्यात गेली, आता शेतीवर स्थिर झालेले. तरणेपणी त्यांनी नुसत्या काठीवर लांडगा परतवला होता, हे शिरूरपासून केंदूरपर्यंत सगळ्यांना पाठ. स्पोर्ट्स कारमध्येही आबा घोंगडी घेऊनच बसायचे. ती मांडीवर पसरायची, दोन्ही हात तिच्याखाली घालायचे आणि समोर बघत राहायचं. तोंडावरची सुरकुती हलायची नाही.

"आबाला भीती म्हंजी काय ते ठाऊकच न्हाई!" तात्या ज्याला त्याला सांगायचे.

*

पहिला आठवडा. न्हावऱ्याच्या रस्त्यानं दौंडला निघालो होतो. शेजारी तात्या, मागच्या चिमुकल्या सीटवर अंग चोरून तात्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी. ताकीद ध्यानात ठेवून मी साठच्या स्पीडला पाचव्या गिअरमध्ये. गाडी कशी, लोण्यासारखी! पुढे एक टेम्पो होता. समोर रस्ता मोकळा बघून मी बाहेर काढली आणि पाय दाबला.

काहीच झालं नाही.

जीप निदान धूर तरी सोडते. ही नुसती टेम्पोच्या बरोबरीनं चालत राहिली. समोरच्या चढावरून एसटी वर आली. मी पाय फळीपर्यंत दाबला. एसटीच्या ड्रायव्हरच्या मिशा दिसायला लागल्या, आणि तेवढ्यात मागून कुणी लाथ घातल्यासारखी गाडी सुटली! टेम्पो आणि एसटीच्या मधून आम्ही कसे गेलो, ते मला आजही सांगता येत नाही.

दोन किलोमीटर गेलो. मग मागून वहिनींचा आवाज आला, "सोपान, तू पाय दिलास तवा गाडी झोपली व्हती का रं?"

*

वहिनींनी सहज विचारलं, पण रोग नेमका तोच होता. शिरूरच्या बशीरभाई मेकॅनिकनं मला समजावून सांगितलं.

"टर्बो म्हंजी इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा. इंजिन हळू फिरतं तवा तो झोपतो. आरपीएमचा काटा तीन हजारावर गेला की उठतो. तू पाचव्यात साठनं चाललास तर काटा दोनच्या पन खाली. मग एकदम पाय दिला तर त्यो डोळे चोळत उठणार! ओव्हरटेकच्या आधी तिसरा टाकायचा, काटा वर आणायचा. तरी पाय दिल्यावर 'एक, दोन' मोजायचं. मग गाडी जाते."

"आणि कायम तिसऱ्यातच ठेवली तर?"

"तर तात्या तुला ठेवनार न्हाईत."

मग दाखवायला म्हणून बशीरभाई स्वतः स्टिअरिंगवर बसले. तिसरा टाकला, पाय दिला. मी मोजलं, एक, दोन... बाभळी नुसत्या हिरव्या पट्ट्यासारख्या मागे गेल्या. परत आल्यावर बशीरभाई बराच वेळ खाली उतरले नाहीत.

"काय बिघाड आहे का?" मी विचारलं.

"गाडीत न्हाई," बशीरभाई म्हणाले. "जरा पानी आन."

*

'एक, दोन' तात्यांना भलतंच आवडलं. एकदा सोसायटीच्या चेअरमनना दौंड स्टेशनला सोडायचं होतं. गाडी तात्याच घेऊन निघाले, मी मागे. बशीरभाईंचं ऐकून, तेलाची ताकीद विसरून त्यांनी शिरूर सोडल्यापासून जो तिसरा धरला, तो सोडलाच नाही. इंजिन सारखं किंचाळतंय, आणि पुढे सायकल आली तरी तात्या मोठ्यानं "एक, दोन" म्हणून पाय देतायत! पाचव्या-सहाव्या वेळी चेअरमनसुद्धा डोळे मिटून मोजायला लागले. मी तर आधीपासूनच मोजत होतो.

स्टेशनला उतरल्यावर तात्या म्हणाले, "परवा परत याल तवा गाडी पाठवतो."

चेअरमन हात जोडून म्हणाले, "तात्या, तुमच्या पॅनलला माझा पाठिंबा हाय. तेवढी गाडी नका पाठवू."

*

म्हणजे पाचव्यात भीती ती वेगळी आणि तिसऱ्यात भीती ती वेगळी. ही दुसरी कळली इनामगावच्या वाटेवर.

कारखान्याचा सीझन होता. उसाच्या ट्रॉल्यांमधून पडलेलं पाचट रस्त्यावर पसरलेलं. शेजारी आबा, मांडीवर घोंगडी. पुढे एक बैलगाडी. मी शहाण्यासारखा तिसरा टाकला, काटा तीनच्या वर आणला, पाय दिला. एक, दोन... आणि पाचटावर मागची चाकं गेली सरकत. गाडी भोवऱ्यासारखी गरकन फिरली आणि ज्या बाजूनं आलो त्याच बाजूला तोंड करून उभी राहिली. बैलसुद्धा थांबून बघायला लागले.

आबांनी समोर बघितलं. शिरूरकडचा रस्ता दिसत होता.

"परत निघालो व्हय?" आबा म्हणाले. "इनामगावातलं काम न्हाई का करायचं?"

*

त्या दिवसापासून भीती माझ्या पोटातच राहायला आली. टॉपमध्ये ठेवावी तर गाडी झोपते, खाली आणावी तर उधळते. ओव्हरटेक आलं की उजवा पाय गार पडायचा आणि डावा हात गिअरवर नुसता पडून राहायचा. एसटीत प्रवासी म्हणून बसलो तरी मनात मोजणी चालू. घरी बायको म्हणाली, "अवो, ताट पुढं केलंय, घ्या की!" तेव्हा लक्षात आलं की मी 'दोन' व्हायची वाट बघत होतो.

ती हसली नाही. म्हणाली, "सोडा ती गाडी. तुमच्यासंगं दुसऱ्याचा बी जीव जाईल."

मलाही रोज हेच वाटायचं. माझ्या हातून कोणी मरेल, आणि तो माणूस शेजारच्या सीटवरचाच असेल. पण लांडग्याला न भ्यालेला म्हातारा ज्या गाडीत निवांत बसतो, ती गाडी भीतीनं सोडली हे सांगायचं कोणत्या तोंडानं? त्या एका लाजेपायी मी आणखी चार महिने काढले.

*

शेवटी ठरवलं. दौंडहून दुपारी परत येताना आबांनाच पहिल्यांदा सांगितलं.

"आबा, मी उद्यापासून येणार नाही. घरी पोचलो की चावी तात्यांना देतो. मला भीती वाटते या गाडीची."

आबा तसेच बसलेले. घोंगडीखाली हात, नजर समोर. मला वाटलं, मनातून हसत असतील.

न्हावऱ्याच्या अलीकडे पुढे उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्यांचा. मी पाचव्यात, साठला. रस्ता मोकळा होता. तिसरा टाकायचा हे कळत होतं, पण पाचट आठवलं आणि हात हललाच नाही. तशीच पाचव्यात बाहेर काढली आणि पाय दाबला. गाडी झोपलेली! मागच्या ट्रॉलीला समांतर आलो आणि वळणावरून ट्रक निघाला. ब्रेक मारून मागे यावं तर माझी जागा मागच्या जीपनं घेतलेली. ट्रकनं हॉर्न दिला तो थांबवलाच नाही. माझे हात-पाय माझे राहिले नव्हते. एकच विचार होता, आबा गेले.

"सोपाना," आबा म्हणाले. म्हाताऱ्याचा आवाज मेंढरांना हाक मारावी तसा सावकाश. "तिसरा."

हात आपोआप गेला. क्लच, तिसरा. काटा वर उडाला.

"पाय दे. भिऊ नको. एक..."

ट्रकचं लिंबू-मिरचीचं तोरण दिसलं.

"...दोन."

गाडी सुटली. ट्रकचा वारा माझ्या खिडकीवर फाडकन आदळला आणि समोर रिकामा रस्ता होता.

"आता टाक वर," आबा म्हणाले. "कान किटलं."

घरी पोचलो. अंगणात गाडी लावली. माझा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. तात्या ओसरीवरून खाली आले. मी चावी काढून हातात धरली.

"काय आबा, कशी पळाली गाडी?"

"झ्याक," आबा म्हणाले. पण उतरले नाहीत.

"बघ सोपान!" तात्या मला म्हणाले. "शिक जरा म्हाताऱ्याकडनं!" आणि हसत डिकीतलं सामान काढायला मागे गेले.

तेव्हा आबांनी घोंगडीखालचा डावा हात बाहेर काढला. बोटं पांढरी पडलेली, काही केल्या उघडेनात. दुसऱ्या हातानं त्यांनी ती एकेक करून सोडवली. मुठीत दाराला आतून धरायचं हँडल होतं, दोन्ही स्क्रूंसकट उपसून आलेलं.

ते त्यांनी माझ्या हातात, चावीवरच ठेवलं.

"ह्ये बशीरकडनं बसवून आन," आबा हळूच म्हणाले. "आन् ह्या बारीला जरा लांब स्क्रू टाकाय सांग. ह्ये तिसरं हाय."