शुगर लँडमधली ब्रॅडफर्डची करी

सुजाता, तू स्वतःबद्दल एक ओळ लिहिणार नाहीस, म्हणून तुझी मैत्रीण या नात्याने मीच लिहितेय. मधेमधे दुरुस्त्या सुचवू नकोस. परक्या बाईबद्दल वाचतेयस असं समज.

तर सुजाता मेश्राम. नागपूरची, शिक्षणाने केमिस्ट, टेक्ससमधल्या शुगर लँडमध्ये तीस वर्षं. तेल कंपनीच्या लॅबमधून रिटायर झाली आणि महिनाभरात घरात बसून विटली. नवऱ्याच्या, म्हणजे प्रफुल्लच्या, ऑफिसातल्या इंग्रज इंजिनियरांचा एक क्लब होता. त्यांच्या वार्षिक जेवणाला करीच लागे, आणि स्वयंपाकी दरवर्षी बदले, कारण कुणाचीच करी त्यांना पसंत पडत नसे. ते शंभर पानांचं जेवण आपण करायचं, असं सुजाताने मनात घेतलं.

चव दाखवायला तिने क्लबातल्या आठ जणांना घरी बोलावलं. पाहुण्यांचा मान म्हणून मटणाच्या रश्श्यावर लालभडक तेलाची तर्री चांगली बोटभर सोडली. पाहुण्यांनी ती चमच्याने काढून पेपर नॅपकिनवर टिपली.

"फार सुंदर," डेरेक म्हणाला. साठीचा गृहस्थ, इंग्लंडातल्या ब्रॅडफर्डचा. "पण ही करी नाही."

"मग काय आहे?"

"जेवण आहे. उत्तम जेवण."

सुजाताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या माहेरी करी हा शब्द कधी कुणी उच्चारला नव्हता, आणि आता हा गोरा तिला करी शिकवणार?

लेक उपासना शांतपणे म्हणाली, "मॉम, तो त्याच्या गावचं जेवण मागतोय. यू आर गिव्हिंग हिम युवर्स."

हे मात्र पटलं. दुसऱ्या दिवशी तिने डेरेकलाच ओट्याशी उभं केलं. तरुणपणी तो तिकडच्या करी हाउसमध्ये भांडी घासायचा, त्यामुळे बघून बघून सगळं पाठ. कांदे उकडून, वाटून पातळ रस्सा आधीच करून ठेवायचा. ऑर्डर आली की कढई तापवायची, मसाला, तो रस्सा, शिजलेलं चिकन, पाच मिनिटांत ताट बाहेर.

"उकडलेले कांदे? आमच्याकडे आजाऱ्याला देतात."

"आमच्याकडे शुक्रवारी देतात, मॅच संपल्यावर."

सतरा दिवस तिने तेच केलं. अठराव्या दिवशी प्रफुल्ल शेजाऱ्यांकडे जेवला. एकोणिसाव्या दिवशी तिला खुबी सापडली: रस्सा कढईच्या कडांना किंचित लागू द्यायचा आणि खरवडून परत आत ओढायचा. डेरेकला हे सांगताच आलं नव्हतं.

काम तिलाच मिळालं. वार्षिक जेवणाला सुजाता हात पुसत टेबलांमध्येच उभी राहिली. डेरेकने पहिला घास घेतला, चमचा खाली ठेवला.

"शुक्रवार," तो म्हणाला.

सुजाताने कुणाला न विचारता प्रत्येक टेबलावर तर्रीची एकेक वाटी ठेवली होती. अर्ध्या तासात एका टेबलाची माणसं दुसऱ्या टेबलाची वाटी पळवू लागली. पुढच्या वर्षीचं जेवण तिथल्या तिथे तिचं ठरलं, त्याच्या पुढचंही, आणि क्लबच्या मेनूत तर्री आता तिच्या नावाने छापतात.

निघताना डेरेकने तर्रीची कृती मागितली. "ब्रॅडफर्डला भावाला पाठवतो. टेक्ससमध्ये काय मिळतं ते कळू दे त्याला."

ती कृती लिहून काढायला जाड वही आणायला आपण दोघी जाणार होतो, सुजाता. दोन वर्षं झाली, वही अजून यायचीय. मी गाडी घेऊन दारात यावं, तर दर वेळी तुझे कांदे उकडायला लागलेले असतात.