‘पिल्लं सुस्थितीत मिळाली’

केराबाई पदराच्या ओल्या टोकानं कोंबडीच्या पिल्लाचं बूड पुसायच्या आणि त्याच हातानं मला चहाचा कप द्यायच्या. मला किळस यायची. "त्वांड कामून वाकडं करतूस? घाण वाळून वाट बंद झाली की दोन दिसात मरतंय ते," त्या म्हणायच्या. घाटनांदूरजवळच्या वस्तीवर शेळ्या राखणाऱ्या या बाई गेल्या उन्हाळ्यात वारल्या. खरी किळस कशाची यावी, हे मला त्यांच्यामुळे कळलं.

ऊसतोडीला निघताना वस्तीतल्या बायका आपल्या खुडूक कोंबड्या अंड्यांसकट त्यांच्याकडे ठेवून जायच्या. बसलेली कोंबडी ट्रॉलीत घातली की अंडी सोडते. प्रत्येक घराच्या अंड्यांवर कोळशाची वेगळी खूण. तिथं मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. "भाषण अंगणाभाईर कर. आत बाळंतीण हाय," असं मला कितीदा तरी बजावलं त्यांनी.

मी तेव्हा एका संस्थेची पत्रकं लिहायचो. ‘भगिनींनो, स्वावलंबी व्हा! पन्नास पिल्लं आणि जाळीचा पिंजरा मोफत!’ ही अक्कल माझीच. बाईंनी नाव दिलं ते पिंजऱ्यासाठी. मुंगसानं त्यांची नऊ पिल्लं एका आठवड्यात उचलली होती.

वाटपाच्या दिवशी मांडव होता पाहुण्यांच्या खुर्च्यांवर. आदल्या दिवशी जन्मलेली पिल्लं खोक्यांत, खोकी उन्हात, आणि पाहुणे अडीच तास उशिरा! बाई उठल्या. "आदी पिल्लं सावलीत घ्या. चोची पाण्यात बुडवा."

"मावशी, फोटो झाल्याशिवाय खोकं हलायचं नाही," आमचे साहेब म्हणाले.

पाहुणे आले, हार झाले, फोटो झाला. बाईंनी मंचावरच आपलं खोकं उघडलं आणि मेलेली पिल्लं पुष्पगुच्छांशेजारी मांडायला सुरुवात केली. "हे मेलं. हे बी मेलं. हे जितं हाय, पाणी आना कुनी." पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावला. साहेबांनी मला खूण केली आणि मी माइक बंद केला. थू माझ्या जिंदगानीवर!

पन्नासातली अठरा जगली. दिवस मावळताच बाईंनी ती एकेक करून खुडूक कोंबडीच्या पंखाखाली सरकवली. तिनं ती आपलीच मानली.

चार दिवसांनी साहेबांनी मला कागद देऊन धाडलं. ‘पन्नास पिल्लं सुस्थितीत मिळाली.’ हा दिला की पिंजरा मिळणार. मी वाचून दाखवला आणि शाईचं पॅड उघडून पुढं केलं.

"अठरा लिहून आन. मग बगू."

"मग पिंजरा नाही मिळायचा, बाई."

"ऱ्हाऊ दे. मी बसती राखन."

साहेबांना सांगितलं, तर ते हसले. आठवड्यानं कचेरीत तोच कागद दिसला. पन्नासच्या पन्नास, आणि खाली जांभळा अंगठा. मी मोबाइलवर फोटो घेतला आणि तणतणत वस्तीवर गेलो. "बाई, शेवटी दिलात ना अंगठा? पिंजऱ्यासाठी?"

बाईंनी फोटो नीट पाहिला.

"ह्यो माजा न्हाई. मी चौथी पास हाय, लेकरा. सही करती." मग मोबाइल माझ्या हातात देत म्हणाल्या, "पन तू तरी कुटं इचारलंस? तू बी आल्या आल्या शाईच काढलीस की."