विलायती कपांचे कैवारी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कपबश्यांचे दुकान चालविणारे काका देशांविषयी भाऊबंदांविषयी बोलावे तसे बोलत. समोरच्या दुकानात जपानी कप निम्म्या किमतीला मिळू लागल्यापासून यांचे विलायती कप फळीवरून हललेच नव्हते. “जपान म्हणजे कालचं पोर गो! आणि इंग्लंडाशी टक्कर घेतंय!” असे बजावीत ते कप पुसत राहत.

सुट्टीत मी कप घ्यायला गेले आणि विज्ञानाच्या विद्यार्थिनीच्या सवयीने जपानी कप कमअस्सल असल्याचा पुरावा मागितला. त्यांनी गल्ल्यामागून एक जपानी कप काढून त्यात उकळता चहा ओतला. “बघ हां, आता तडकेल!”

आम्ही दोघे श्वास रोखून पाहत राहिलो. कप तडकला नाही.

“काका, आता विलायती कपात ओता.”

त्यांनी विलायती कप उचलला, छातीशी धरला आणि परत फळीवर ठेवला. “त्याला कशाला उगाच चटका?”

मग जपानी कपातला चहा ते स्वतःच प्याले. कपाच्या तळाशी चहाचे जुने, घट्ट डाग दिसले.

“काका, हा तर तुमच्या रोजच्या वापरातला!”

“मग? शत्रूवर नजर नको ठेवायला?”

प्रयोगाचा निष्कर्ष निर्विवादपणे जपानच्या बाजूचा होता. मी विलायती कपांची जोडी बांधून घेतली.