उलट्या प्रदक्षिणेच्या पिना

सोल्डरिंगच्या राळेचा धूर नाकात गेला, की इथं कोइमतूरच्या कारखान्यातही मला कळंबची डेअरी आठवते.

दुधाच्या टाकीचा कूलर ज्या यंत्राच्या आकड्यावर चालायचा, त्यातली चिप जळाली होती. तापमानाच्या सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणारी ती चिप. पुण्याहून नवी एकच मिळाली. सातवीत शाळा सुटलेली मी दुरुस्तीवाल्या भाऊंकडं काम शिकत होते. तारा जोडायला त्यांनी मलाच बसवलं.

"चिपच्या पिना वरून बघताना उलट्या प्रदक्षिणेनं मोजायच्या," असं ते सांगायचे. सहाला सेन्सर, दहाला ग्राउंड, विसाला पाच व्होल्ट. माझं बोट मात्र देवळातल्या सवयीनं सुलटंच फिरायचं. त्या दिवशीही तसं झालं असलं, तर यंत्राचं बटन दाबताच चिप जाणार आणि गावाचं दूध नासणार.

"भाऊ, लई भ्या वाटतंय," मी हळूच म्हणाले.

तेवढ्यात डेअरीचे तात्या आत आले. "दूध नासलं तर गाव आमाला जित्तं सोडायचं न्हाई बरं, भाऊ!"

"तारा मी जोडल्यात, तात्या. काय झालं तर मला धरा," भाऊ म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "दाब गं."

मी बटन दाबलं. यंत्रावर तापमानाचा आकडा उमटला. तात्यांनी भाऊंची पाठ थोपटली. माझं काम भाऊंनी आपल्या नावावर खपवलं, म्हणून मी दिवसभर फुगून होते.

आता माझ्या हाताखालच्या पोरी बटनाला हात लावतात तेव्हा मला कळतं. त्या दिवशी भाऊंनी कौतुक नव्हतं घेतलं. चिप जळाली असती तर ज्या शिव्या मला पडल्या असत्या, त्या त्यांनी आधीच अंगावर घेतल्या होत्या.